नागपूरच्या पुढचं स्टेशन

संजयचा फोन आला तेव्हा मी कोपर्निकस मार्गावरच्या ऑफिसात, काउंटरवर उभी राहून, कुणा पुढाऱ्याच्या भाच्याला खोली का मिळणार नाही हे तिसऱ्यांदा समजावून सांगत होते. आमच्या राज्याच्या अतिथिगृहात खोल्या देण्याचं काम करता करता माझी नोकरी संपत आली आहे, आणि नाही म्हणण्याचा आता मला शारीरिक कंटाळा येतो. फोन दोनदा कापला, तिसऱ्यांदा घेतला. "छायाताई, मिलिंददादा गेले गं..." संजय म्हणाला. सकाळी सोसायटीच्या गार्डनं दूध द्यायला दार वाजवलं, दार उघडलं गेलं नाही, शेजाऱ्यांनी किल्लीनं उघडलं तर दादा पलंगावर शांत पडलेला. झोपेतच हृदय थांबलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. मी खुर्चीत बसले. पलीकडे संजय रडत होता, मग थोडा थांबला आणि म्हणाला, "आणि ताई... पुढच्या शुक्रवारचं नागपूरचं तिकीट आहे ना, दादासोबतचं... त्याचं आता काय करायचं?" मला त्याचा राग नाही आला. माणूस हादरला की तोंडातून रोजचंच काहीतरी बाहेर पडतं, आणि आमच्या घराण्यात मिलिंददादाचा विषय निघाला की पाठोपाठ तिकिटाचा निघायचाच.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. लिहायला बसायचं म्हणते आणि उठते. काय लिहायचं? मिलिंददादा माझा मावसभाऊ. चार वर्षांचा असताना तापात त्याचे डोळे गेले. नागपूरच्या अंधशाळेत शिकला, राखीव जागेवर दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला, आणि मयूर विहारच्या एका सहकारी सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या घरात एकटा राहिला. लग्न केलं नाही. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. ऑफिसातला टेलिफोनचा बोर्ड एक दिवस काढून नेला, दादा मात्र तिथंच राहिला. पुढं निवृत्त होईपर्यंत त्याला एक टेबल होतं, एक खुर्ची होती आणि करायला काही नव्हतं. "पगार बैठने का मिलता है, और बैठना मुझे आता है," असं तो म्हणायचा. हसून म्हणायचा, पण दिवसभर रिकामं बसून आलेल्या माणसाचा आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी फोनवर तो आवाज मी कितीतरी वर्षं ऐकला.

सरकारनं त्याला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. नोकरी दिली, बसचा फुकट पास दिला, पेन्शन दिलं. पण देताना दरवेळी त्याला पुन्हा एकदा आंधळं व्हायला लावलं. नवीन कार्ड निघालं की पुन्हा तपासणी, पुन्हा रांग. एकदा मी सोबत होते. तरुण डॉक्टरनं जुने कागद चाळले आणि आपुलकीनं विचारलं, "अब कैसा है अंकल, कुछ फरक पड़ा?" दादा म्हणाला, "बचपन से वैसा ही है सर. आपका कैसा है?" डॉक्टर बिचारा लाजला. निवृत्तीनंतर तर दरवर्षी थंडीच्या तोंडावर हयातीचा दाखला. बोटांचे ठसे उमटेनात, म्हणून मोबाइलवर चेहरा दाखवायचा. मी फोन धरायची आणि फोन हुकूम सोडायचा, कॅमेऱ्यात बघा, पापण्या मिटा, उघडा. दादाच्या पापण्या मुळातच अर्ध्या मिटलेल्या. आम्ही दोघं खिडकीपाशी जायचो, दिव्याखाली जायचो, पुन्हा खिडकीपाशी यायचो. "छाया, जिवंत असायला एवढं मिचकवावं लागतं हे मला कुणी आधी सांगितलं नाही," तो म्हणायचा. शेवटी बँकेत जाऊन बाईंच्या हातापाया पडलो की ते काम व्हायचं, आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

आता तिकिटाचं. रेल्वेत अंध प्रवाशाला सवलत असते, आणि त्याच्या सोबत जाणाऱ्या एका माणसालाही तेवढीच असते. अंध माणूस एकटा जाऊ शकतो, त्याला मनाई नाही. पण सोबत्याची सवलत आहे म्हटल्यावर ती वाया घालवणार कोण? दिल्लीत आम्ही विदर्भातली बरीच नातलग मंडळी आहोत, कोणी मंत्रालयात, कोणी कंपनीत, द्वारकेपासून नोएडापर्यंत पसरलेली. कुणाचं नागपूरला लग्न, कुणाच्या प्लॉटची मोजणी, दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमी. नागपूरला जायचं ठरलं की पहिला फोन दादाला. "दादा, किती दिवस झाले तुम्ही गावाकडं गेला नाहीत... चला ना!" दिल्लीत कुणाला खोली हवी असली की मला आणि नागपूरला जायचं असलं की दादाला, अशी आमच्या घराण्यानं आम्हा दोघांची वाटणी करून टाकली होती. मीही त्याच्याबरोबर गेले आहे. गाडीत तो झकास गप्पा मारायचा, डब्यातल्या चटण्या वासावरून ओळखायचा. पण ज्यांना तो ओळखतही नव्हता अशा लोकांच्या हळदींना त्याला जाऊन बसावं लागायचं, आणि सोबत्याची सुट्टी संपली की त्याच्याबरोबर परत फिरावं लागायचं. एकदा तो मला म्हणाला, "सवलत त्यांची, लग्न त्यांचं, तारीख त्यांची. यात माझं काय, तर डोळे."  

त्याला जायचं होतं ते नागपूरच्या पुढं. तिथून दीड तासावर हिंगणघाट, आणि हिंगणघाटहून बसनं वाघोडा. वाघोड्याला त्याची सख्खी मोठी बहीण, आक्का. यजमान गेलेले, मूलबाळ नाही, स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. दादाचे डोळे गेले तेव्हा आईला शेतावर जावं लागायचं, म्हणून या आक्कानं त्याला कडेवर घेऊन वाढवलं. दर प्रवासात दादा विचारायचा, "एक दिवस वाघोड्याला जाऊन येऊ या का?" आणि दरवेळी सोबती म्हणायचा, "नक्की दादा, पण या वेळी जरा घाई आहे." कोणी वाईट नव्हतं. रजा मोजून मिळते, लग्नघरी कामं असतात, वाघोड्याला जाऊन येण्यात दिवस मोडतो. अशी घाई करत करत वर्षांमागून वर्षं गेली. आक्काशी फोनवर बोलणं व्हायचं, तेवढंच.

निवृत्तीनंतर एक दिवस त्यानं जाहीर केलं की तो वाघोड्याला जाणार आहे आणि एकटा जाणार आहे. घराण्यात एकच गदारोळ. संजय द्वारकेहून धावत आला. संजय माझा मामेभाऊ, आमच्यात सगळ्यांत धाकटा, कंपनीत नोकरीला, मनानं चांगला आणि नागपूरला सगळ्यांत जास्त वेळा जाणारा. "अरे दादा, एकटे कशाला? रास्ते में कुछ हो गया तो? आणि सोबत्याची सवलत आहे ना यार, ती फुकट जाईल."

"जाऊ दे फुकट," दादा म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी मला माझ्या कामासाठी जाऊ दे."

"मग मी येतो ना तुमच्यासोबत वाघोड्याला! बिल्कुल येतो."

"केव्हा?"

संजयनं फोनमध्ये तारखा बघायला सुरुवात केली. दादानं तेवढ्यात चहा ठेवला. चहा झाला तरी संजयला तारीख सापडली नव्हती.

मी स्टेशनपर्यंत येते म्हटलं, तेही त्यानं ऐकलं नाही. मयूर विहारहून निजामुद्दीन स्टेशन मेट्रोनं अगदी जवळ. मेट्रोतले गार्ड अंध प्रवाशाला हाताला धरून डब्यात बसवतात आणि उतरायच्या स्टेशनवर वायरलेसनं कळवतात, म्हणजे तिथला गार्ड दारात उभा असतो. दादाला त्याची मोठी गंमत वाटायची. म्हणायचा, मंत्र्यासारखी माझी बातमी माझ्या आधी पोहोचते. पुढची गंमत त्यानं परत आल्यावर सांगितली. सकाळी गाडी नागपूरला लागली, डब्यात हालचाल सुरू झाली आणि हा उठला, बॅग घेतली, काठी घेतली आणि सरळ दारापाशी गेला. दारात गार वारा लागला तेव्हा लक्षात आलं की उतरायचं पुढं आहे. "पाय आपोआप निघाले गं. इतक्या वेळा नेऊन उतरवलंय मला तिथं..." परत जागेपाशी आला तर तिथं दुसराच माणूस पसरलेला. त्याला उठवलं. हे सांगताना दादा इतका हसत होता की त्याला ठसका लागला, आणि मला मात्र का कोण जाणे रडू आलं. त्याला ते कळलंच. तो म्हणाला, "रडू नको, पुढचं ऐक."

पुढचं हे असं. हिंगणघाटहून बसमध्ये कंडक्टरनं बसवून दिलं, वाघोड्याला कुणीतरी दारापर्यंत पोहोचवलं. आक्कानं दार उघडलं, त्याला कवटाळलं, पोटभर रडून झालं, मग ती आत जाऊन पाणी घेऊन आली. दादानं पेल्यासाठी हात पुढं केला. पेला आला नाही. त्यानं हात थोडा बाजूला नेला, तरी नाही. मग त्याच्या मनगटावर पाणी सांडलं. दोघांचे हात हवेत एकमेकांना शोधत होते. दादा सांगत होता, "छाया, मी आयुष्यभर डोळस माणसांच्या हातून पाणी प्यायलो आहे. डोळस माणसाचा पेला असा चुकत नाही. मी विचारलं, आक्का, तुला दिसत नाही?"

"दिसते ना थोडंसं," आक्का म्हणाली होती. "उजेड-अंधार समजते."

काचबिंदू होता. सरकारी शिबिरातल्या डॉक्टरनं केव्हाच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की कोणीतरी उचलून आपल्या घरी नेणार, मग आपण त्यांच्या घरच्या कोपऱ्यात, ही तिची भीती. चुलीपाशी हात भाजत, उंबऱ्याला ठेचकाळत ती दोन खोल्यांत फिरत होती आणि फोनवर दादाला सांगत होती की सगळं बरं आहे.

दादानं परतीचं तिकीट रद्द केलं. आक्काला म्हणाला, प्रमाणपत्र काढू. ती काही केल्या तयार होईना. "मले आंधळी म्हून कागद नको बापा. लोकं काय म्हनतीन?" दादा म्हणाला, "तो कागद डोळ्यांसाठी नाही आक्का, बससाठी आहे." हे तिला पटलं. आणि मग ही दोघं निघाली. एसटीत कंडक्टरनं दादाचं कार्ड बघितलं आणि विचारलं, सोबती कोण? दादा म्हणाला, ही. कंडक्टरनं आक्काकडं बघितलं, ती खिडकीच्या काचेला दार समजून चाचपत होती. "आणि यांच्या सोबतीला?" "मी," दादा म्हणाला. मागच्या बाकावरचे लोक हसले. मग ती दोघंही हसली. सरकारी दवाखान्यातही हेच. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, पेशंटसोबत कोण आलंय, आणि दादा काठी टेकत पुढं झाला. बाई उठून बाहेर आल्या आणि त्यांनी दोघांना बाकावर बसवून चहा मागवला. दिवस रांगेत गेला, पुन्हा एकदा जावं लागलं, पण काम झालं. हा प्रसंग दादानं मला इतक्या वेळा ऐकवला की शेवटी शेवटी मी फोनवर दुसरी कामं करत हुं-हुं करायची. आता वाटतं, अजून एकदा सांग रे बाबा, या वेळी नीट ऐकते.

त्यानंतर तो दर दोन-तीन महिन्यांनी वाघोड्याला जायचा, एकटा. नातलगांच्या लग्नांना जाणं त्यानं जवळजवळ बंद केलं. दादा हल्ली फार बिझी असतात, अशी कुरकुर माझ्या कानावर यायची. शुक्रवारचं ते तिकीट ज्यासाठी होतं, त्या संजयच्या मेव्हण्याच्या लग्नाला तो हो म्हणाला होता तो संजयवरच्या मायेनं. ते लग्न दादाशिवायच लागलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आक्काच्या घरी, वाघोड्याला करायचं ठरलं. दिल्लीच्या आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, दिवे लावले, दादाच्या आठवणी लिहिल्या. नंतर एकेकाचे निरोप यायला लागले. तिकीट मिळत नाहीये, वेटिंग आहे, विमान फार महाग पडतंय... शेवटी दिल्लीहून आम्ही दोघंच गेलो, मी आणि संजय.  गाडीत संजय एकदम म्हणाला, "ताई, दादा असते तर सगळे आले असते ना?" आपण काय बोलून गेलो ते त्याला उशिरा कळलं आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. मीसुद्धा. मला तेव्हा सगळ्यांचाच वीट आला होता, माझ्यासकट. इतकी माणसं त्याचा हात धरून इतक्या वेळा गेली-आली, आणि या माणसाचा जीव कुठं राहत होता ते कोणाला ठाऊक नव्हतं.

भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, गावातले लोक जेवून गेले. दुपारी आम्ही तिघं ओसरीवर बसलो. आक्का दादाचा शर्ट मांडीवर घेऊन बसली होती, तो मागच्या खेपेला तिथंच राहिला होता. संजय तिच्या जवळ सरकला. खरंच मनापासून म्हणाला, "आक्का, आता इथं एकटी नको राहू. दिल्लीला चल आमच्याकडं. तुझं कार्डही झालंय आता, तिकिटाचा काही प्रश्न नाही." मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या मनात काही नव्हतं, देवाशपथ सांगते. पण मला पुढची सगळी वर्षं एका क्षणात दिसली. आक्काला येणारे फोन, तिनं अनोळखी लोकांच्या हळदींना बसणं, सगळं.

आक्का म्हणाली, "कोनासंग येऊ?"

"मी आहे ना! मी घेऊन जातो."

"मंग वापस?"

"वापस... कोणी ना कोणी नागपूरला येतंच असतं की. त्यांच्यासोबत."

"नागपूरले येऊन मी काय करू बापा?" आक्का शांतपणे म्हणाली. "माझं घर त इथं आहे."

 संजय उठून अंगणात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो निघाला. माझी रजा शिल्लक होती, मी राहिले. तो गेल्यावर आक्का म्हणाली, "बस, चहा ठेवतो." मी उठायला लागले तर तिनं हातानंच दाबून बसवलं. तेव्हा कुठं मी ते स्वयंपाकघर नीट बघितलं. चुलीच्या जागी शेगडी आली होती. फळीवर डबे ओळीनं लावलेले, आणि प्रत्येकाला रबर. मिठाला एक, साखरेला दोन, चहाला तीन. तिखटाला सुतळी, म्हणजे घाईत चूक होऊ नये. दारापासून न्हाणीपर्यंत भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणलेली. ही सगळी दादाची कारागिरी. दर खेपेला येऊन त्यानं थोडी थोडी केलेली. तो तिला मोठमोठ्या गप्पांत काही शिकवत नव्हता म्हणे. नुसता बसायचा आणि म्हणायचा, आक्का, चहा कर, मी ऐकतो. भांडं कुठं आपटलं, झाकण कुठं पडलं ते ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथली एखादी वस्तू हलवायचा.

आक्कानं दोन रबरांचा डबा काढला, बोटानं माप घेऊन साखर घातली, दूध ओतलं. ऊतू जायच्या आधी आवाज बदलतो, त्या आवाजावर तिनं शेगडी बंद केली. एक थेंब सांडला नाही. तेवढ्यात संजयचा फोन आला, स्टेशनवरून. गाडीला वेळ होता, त्याचं मन लागत नव्हतं. "ताई, आक्काला विचार ना, दिवाळीला येते का? मी आत्ताच तिकीट बघून ठेवतो."

मी विचारलं. आक्का कप पुसत होती. म्हणाली, "त्याले सांग, माझ्या मनात आलं का मीच निघीन. मंग फोन करीन."

मी ते तसंच्या तसं सांगितलं आणि फोन ठेवला. चहा प्यायलो.  कप उचलताना साखरेचा डबा ओट्याच्या कडेला राहिलेला दिसला. मी तो उचलला आणि फळीवर ठेवायला वळले.

"राहू दे बाई," आक्का म्हणाली. तिला डब्याचा आवाज आला होता. "तू ठेवशीन त मले सापडनार नाई."

मी डबा तिच्या हातात दिला.